डबीतल्या गप्पा

१

आठवड्यातून एक दिवस माझा दवाखाना दुपारनंतर बंद असतो. दवाखाना हा शब्द लोकांचा, मी काही डॉक्टर नाही. मी लोकांचे कान तपासतो आणि ज्यांना गरज आहे त्यांना श्रवणयंत्र बसवून देतो. जागा दोन खोल्यांची. बाहेरच्या खोलीत माझं टेबल, कॉम्प्युटर, चार खुर्च्या आणि तपासणीचं मशीन. आतली खोली म्हणजे डबी.

डबी हे नाव ताईनं ठेवलं. खोलीला एकामागे एक अशी दोन जाड दारं आहेत, भिंतींना राखाडी स्पंज, खाली जाड गालिचा. माझ्या टेबलासमोर दुहेरी काचेची छोटी खिडकी, तिच्यातून आतला माणूस मला दिसतो. तो रेक्झिनच्या बाकावर बसतो, कानाला हेडफोन लावतो, हातात एक बटण धरतो. मी बाहेरून बारीक बारीक आवाज सोडायचे, त्याला ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं, की माझ्या मशीनवर हिरवा दिवा लागतो. दारं लावली की बाहेरचं जग पुसल्यासारखं होतं. पहिल्यांदा आत बसलेले लोक स्वतःच्या श्वासाच्या आवाजानं दचकतात.

त्या बंद दुपारी आम्ही चौघं 'सातवी वेस' बघायचो. जपानी कार्टून मालिका, पण कार्टून म्हटलेलं ताईला खपत नाही. एका शहराला सात वेशी असतात, प्रत्येक वेशीवर एक पहारेकरी, आणि तिन्हीसांजेला बाहेरून जे जे काही आत शिरू बघतं त्याच्याशी तो लढतो. दर आठवड्याला एक नवा भाग यायचा. आधी चोरून कुणी बघायचा नाही हा आमचा एकमेव नियम. बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरवर भाग बघायचा आणि मग चौघांनी डबीत शिरून त्यावर भांडायचं. हे भांडण मी रेकॉर्ड करायचो आणि नेटवर टाकायचो. ऐकणारे मोजकेच, त्यातले निम्मे ताईचे विद्यार्थी.

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. लोकांना मोटार चालवायला शिकवते. दिवसभर शेजारच्या सीटवरून "ब्रेक, ब्रेक" ओरडून तिचा आवाज असा झालाय, की ती कुजबुजली तरी रस्ता थांबतो. मालिकेतली नावं तिच्या जिभेवर बसेनात, म्हणून तिनं सगळ्यांचं बारसं केलं. घंटेचा लोलक घेऊन लढणारी नायिका ती लोलकी. सहाव्या वेशीवरचा, कधी छत्री न मिटणारा, तो छत्रीवाला.

बाई माझ्या जुन्या गिऱ्हाईक. निवृत्त गणित शिक्षिका, दोन्ही कानांत यंत्रं. त्यांना या मालिकेचा नाद मीच लावला, आणि का लागला ते त्यांनी एकदा सांगितलं. "नाटक-सिनेमाला मी नेहमी एक वाक्य मागे असते. सगळे हसून झाले की मी हसते. इथं सगळेच खालची अक्षरं वाचतात. पहिल्यांदाच मी सगळ्यांबरोबर हसते."

चौथा भट्टीवाला. दवाखान्याच्या मागच्या बाजूला त्याची बेकरी आहे. त्याचा दिवस पहाटे सुरू होतो आणि दुपारी संपतो, त्यामुळे तो भुवयांत पीठ घेऊन येतो, प्रत्येक भागात थोडा वेळ झोपतो आणि झोपलो नव्हतो म्हणून शपथा घेतो.

आणि दाराजवळच्या खुर्चीत बाबा. माझे आणि ताईचे वडील, माझ्याकडे राहतात. बाबा लिलाव पुकारायचे. त्यांची हाक बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची, आणि ते बोलीच्या मध्ये असे किस्से पेरायचे की नुसतं ऐकायलाही माणसं जमायची. मग कान गेले. कान गेल्यावर हळूहळू बोलणंही गेलं. मुलगा श्रवणयंत्रं बसवणारा आणि बापाला यंत्र नको, यावर अख्खी गल्ली हसते. डबीत तर ते पाऊलच ठेवायचे नाहीत. "त्या पेटीत पडायला मला अजून वेळ आहे," एवढंच म्हणायचे. आम्ही मालिका बघायचो तेव्हा ते वर्तमानपत्र धरून बसायचे. पान मात्र उलटायचे नाहीत.

ती आमची सुखाची दुपार होती, हे आधीच सांगून ठेवतो. पुढं जे झालं त्यातही ती सुखाचीच राहिली. भीतीची गोष्ट नेमकी तीच.

२

ज्या भागात छत्रीवाल्यावर फितुरीचा आळ येतो, त्यानंतरचं आमचं भांडण जोरात झालं. ताई त्याच्या बाजूनं, भट्टीवाला विरुद्ध, बाई दोघांच्या तर्कातल्या चुका काढत होत्या. डबीतून बाहेर आलो तेव्हा हसून हसून माझ्या बरगड्या दुखत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेशंट यायच्या आधी मी रेकॉर्डिंग ऐकायला बसलो. खोकले, अडखळणं वगैरे कापावं लागतं. मध्यावर एका जागी भट्टीवाला म्हणतो, "तो फितूर नसेल तर छत्री का मिटत नाही, सांगा मला." आणि शांतता.

मला वाटलं, वायर सैल झाली. पण शांततेत ताईच्या बांगड्या वाजत होत्या. भट्टीवाल्याची खुर्ची करकरली. बाईंनी नाक ओढलं. आवाज सगळे होते, फक्त बोलत कुणी नव्हतं. आमच्या चौघांत श्वास घ्यायला कुणी थांबत नाही, आणि इथं चौघंही गप्प.

मग आम्ही चौघं एकदम हसलो. ठरवून नाही, भडका उडावा तसं. बाई तर "अरे देवा" म्हणून धापा टाकत होत्या. आणि हसण्यातच ताई म्हणाली, "हे बाकी खरं हं."

मी मागे जाऊन पुन्हा ऐकलं. प्रश्न, शांतता, हसणं.

तो विनोद मला आठवत होता. म्हणजे विनोद झाला हे आठवत होतं, तो भन्नाट होता हे आठवत होतं. काय होता, ते येत नव्हतं. आणि कुणी केला, ते तर अजिबातच नाही.

३

माझा धंदा ऐकण्याचा आहे. ऐकू न येण्याची शंभर कारणं मी रोज लोकांना समजावतो. मीही स्वतःला समजावलं. माइक एका बाजूला तोंड करून होता. प्रोग्रॅम बारीक आवाज आपणहून गाळतो. पण तो बांगड्या गाळत नाही आणि माणूस गाळतो, हे पटणारं नव्हतं.

मी ताईला फोन केला आणि छत्रीवर विनोद कुणी केला होता ते सहज विचारलं. ती म्हणाली, भट्टीवाल्यानं, दुसरा कोण. आठवणीनंच तिला पुन्हा हसू आलं. विनोद काय होता हे विचारल्यावर मात्र ती अडली, शिकाऊ मुलगी चढावर गाडी बंद पाडतेय असं म्हणून तिनं फोन ठेवला. भट्टीवाल्याला विचारलं, तर त्याच्या मते विनोद बाईंचा. बाईंच्या मते माझा. त्यांनी वर माझं कौतुकही केलं, की इतकं चपखल मी सहसा बोलत नाही.

पुढच्या आठवड्यात तशी शांतता दोनदा आली. त्याच्या पुढच्या आठवड्यात चारदा. आत बसलेलो असताना मला काहीही वेगळं वाटायचं नाही. गप्पा नेहमीसारख्या, उलट जास्तच रंगलेल्या. मी ठरवून कान टवकारून बसायचो आणि रंगात आलो की विसरायचो. दुसऱ्या दिवशी हेडफोन लावले की खड्डे सापडायचे. कधी हसणं यायचं. कधी आम्ही "बरोबर, बरोबर" म्हणायचो. एकदा ताई म्हणाली, "नाही, ते मला पटत नाही," आणि थांबली, आणि मग नरमाईनं म्हणाली, "बरं, तसं म्हणतोस तर पटतं."

ताई कुणाचं पटवून घेते, हे मी जन्मात पाहिलेलं नाही.

मी ते खड्डे कापून टाकू लागलो. ऐकणाऱ्यांना आमच्या गप्पा आवडत होत्या. एकानं लिहिलं, तुम्ही इतके मनापासून हसता की कशाला हसता ते कळलं नाही तरी चालतं.

४

मग तो भाग आला. छत्रीवाल्याला चौकात उभं करतात, लोलकी त्याची छत्री हिसकावून घेते, आणि छत्रीखाली त्याला बिलगून एक इवलासा जीव उभा असतो. बाहेरचा. वेशीवर भिजत बसलेला पाहून छत्रीवाल्यानं त्याला दया येऊन आत घेतलेलं असतं आणि तेव्हापासून तो त्याला छत्रीखाली लपवत फिरत असतो.

भट्टीवाला त्या दिवशी झोपला नव्हता. तो मांडीवर थाप मारून म्हणाला, हे तर आपण काही आठवड्यांपूर्वीच ओळखलं होतं. ताईलाही आठवलं, बाईंनाही. छत्री मिटत नाही कारण तिच्याखाली दुसरं कुणीतरी उभं आहे, हे आपल्यात बोलणं झालं होतं. फक्त ओळखलं कुणी, यावर वाद लागला, आणि गंमत म्हणजे श्रेय घ्यायला कुणीच तयार होईना. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवत होता. ताईनं श्रेय सोडावं, म्हणजे कमालच.

डबीत शिरताना मी सगळ्यांच्या मागे होतो, त्यामुळे मला ते दिसलं. तीन माणसांचा तो बाक. ताई एका टोकाला बसली, बाई दुसऱ्या टोकाला. दोघी इतक्या कडेला, की बाईंचा अर्धा देह बाकाबाहेर. मधली जागा मोकळी.

मी बाईंना म्हटलं, "सरकून बसा ना, पडाल."

"बसले की नीट," त्या म्हणाल्या. आणि त्यांनी मधे बघून, गर्दीच्या बाकावर आपण बघतो तसं, माफीचं हसून पदर आवरून घेतला.

५

पुढच्या वेळी मी घसा बसल्याची थाप मारली आणि बाहेर थांबलो. तिघं आत गेले, दारं लागली. बाबा त्यांच्या खुर्चीत होते. खिडकीबाहेर चांगलं ऊन होतं, रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मी टेबलाशी बसलो. एका कानाला आतल्या माइकचा आवाज, समोर काच.

बराच वेळ सगळं ठीक होतं. तिघं भांडत होते. मग बोलणं थांबलं.

काचेतून मला त्यांचे चेहरे दिसत होते. तिघंही बाकाच्या मधल्या जागेकडे बघत होते. ताईनं हनुवटीखाली हात घेतला होता. भट्टीवाला खुर्चीत पुढे झुकला होता. बाई, ज्या समोरच्याचे ओठ वाचल्याशिवाय ऐकत नाहीत, त्या डोळे मिटून, मान जराशी कलती करून ऐकत होत्या. आवडत्या माणसाचं बोलणं ऐकताना जसा चेहरा होतो, तसे तीन चेहरे. माझ्या कानात फक्त त्यांचे श्वास.

मग ते हसले. मी हसलो नाही. मला काही ऐकूच आलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटली ती नंतर. आधी वाटलं, ते मला सोडून हसले.

तपासणीचं बटण आणि हेडफोन आत बाकाच्या वरच्या खुंटीला लटकत होते. कुणाचा हात त्यांच्याजवळ नव्हता. माझा हात आपसूक मशीनकडे गेला. मी त्या लटकत्या हेडफोनमध्ये एक बारीक सूर सोडला.

हिरवा दिवा लागला.

वायर, मी मनात म्हटलं. आवाज आणखी कमी केला. दिवा लागला. आणखी कमी. लागला. मशीनच्या तळाशी एक पातळी आहे, ती मी कधी वापरत नाही, कारण माणसाच्या कानाला ती लागतच नाही. ती लावली. दिवा लागला, आणि कंटाळल्यासारखा पटकन विझला.

मी हात मांडीवर घेतले. काहीच वाजवलं नाही.

दिवा लागला. थांबला. मग दोनदा पटापट लागला, दारावर टकटक करून लपणारं पोर असतं तसा.

मी वर बघितलं. आतले तिघंही काचेतून माझ्याकडे बघत होते आणि माझी कुणीतरी छान फजिती केल्यासारखे खदखदून हसत होते.

ते बाहेर आले तेव्हा मी विचारलं, माझ्याकडे बघून काय हसलात. ताईनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. तुझ्याकडे कोण बघेल, आम्ही लोलकीवर बोलत होतो, म्हणाली. मी डबीच्या दारात उभा राहून आत बघितलं. बाकाचं रेक्झिन जुनं आहे, माणूस उठला की खळगा भरून यायला वेळ लागतो. ताईच्या जागी खळगा होता. बाईंच्या जागी होता. मधे तिसरा होता, उथळ, आणि माझ्या डोळ्यांसमोर तो सावकाश भरून आला.

६

शेवटच्या भागाच्या आधी मी त्यांना सगळं सांगितलं. बाहेरच्या खोलीत बसवलं आणि न कापलेली रेकॉर्डिंगं ऐकवली.

भट्टीवाल्याच्या चेहऱ्यावरचं पीठ आणि चेहरा यांचा रंग एक झाला. ताईनं अर्ध्यातच बटण बंद केलं आणि बराच वेळ बांगड्या एका हातात घट्ट धरून बसली, वाजू नयेत म्हणून. बाईंनी मात्र पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकून त्यांनी यंत्रं काढून हातात घेतली, पुसली, परत कानात बसवली.

"माझ्या वर्गात कधी कधी एखादं पोर बसलेलं असायचं," त्या म्हणाल्या. "माझ्या वर्गातलं नसायचं. दुसऱ्या तुकडीतून येऊन मागे बसायचं, गणित आवडायचं म्हणून. मी कधी उठवलं नाही."

"बाई, त्या पोरांना नावं होती. आईबाप होते," भट्टीवाला म्हणाला.

"मी विचारलं नव्हतं."

ताईला निराळीच काळजी होती. ती म्हणाली, इतके आठवडे येऊन बसतंय, हसवतंय, पण मागत काही नाही. फुकट कुणी हसवत नाही. मालिका आता संपतेय, म्हणजे काही मागायचं असेल तर ते आता मागेल.

थांबावं का, यावर बोलणं झालं. मी बंद करू या म्हणालो. पण म्हणताना माझा आवाज मलाच खोटा वाटला. लोलकीचं काय होणार हे कळल्याशिवाय, आणि त्यावर चौघांनी भांडल्याशिवाय, आमच्यापैकी कुणालाच जगता आलं नसतं. शेवटी ताईनं तोडगा काढला, गाडी शिकवतानाचा कडक आवाज लावून.

"जायचं. बोलायचं, हसायचं. पण काहीही झालं तरी कुणी कशाला हो म्हणायचं नाही. डबीत असेपर्यंत 'हो' हा शब्द बंद."

आम्ही शपथा घेतल्या. भट्टीवाल्यानं तर आधीच हसायला सुरुवात केली होती. बाबांनी वर्तमानपत्राच्या वरून आमच्याकडे बघितलं, काही कळलं नाही म्हणून पुन्हा खाली बघितलं. त्यांचं ते खाली बघणं मला नेहमी लागायचं. त्या दिवशी जरा जास्त लागलं.

७

शेवटचा भाग फार सुंदर होता. सहा वेशी पडतात. लोलकी सातव्या वेशीवर एकटी उभी राहते, रात्रभर लढते, सगळं परतवून लावते. पहाटे दार लावताना तिला दिसतं, की तो छत्रीखालचा इवला जीव गर्दीत ढकलला जाऊन बाहेर राहिलाय. शहर ओरडत असतं, दार लाव. ती बघत राहते. शेवटच्या चित्रात दाराला एक फट आहे, आणि ती उघडतेय की मिटतेय हे सांगितलेलं नाही.

भट्टीवाला रडला. शेवटपर्यंत जागा होता. ताई रडली नाही, पण तिनं रुमाल कुणाला दिला नाही.

डबीत आम्ही तुटून पडलो. ताई म्हणत होती, लावायलाच हवं होतं दार, एकाला घेतलं की उद्या सगळे येतात. बाई म्हणत होत्या, एकासाठी उघडता येत नाही तर ती वेस कसली, नुसती भिंत. मी आधी ताईच्या, मग बाईंच्या, अशा दोन्ही बाजूंनी बोललो. इतकी मजा त्या डबीत कधी आली नव्हती. बाहेर पडलो तेव्हा संध्याकाळचं पिवळं ऊन खोलीभर होतं. ताईनं दारातच हजेरी घेतली, कुणी हो म्हटलं का. कुणीच नाही. सगळ्यांना पक्कं आठवत होतं. भट्टीवाला म्हणाला, बघा, काही मागितलंच नाही, उगाच घाबरलो. तिघं हसत, एकमेकांना ढकलत रस्त्यानं गेले. वळणापर्यंत ताईचा आवाज येत होता.

मला दुसऱ्या दिवसापर्यंत दम निघेना. टेबलाशी बसून हेडफोन लावले.

शेवटाकडे ताईचं वाक्य अर्ध्यात तुटतं आणि शांतता सुरू होते. आजवरची सगळ्यात लांब. बांगड्या. खुर्ची. कुणीतरी विरोध करायला घेतात तसा श्वास घेतला आणि सोडून दिला. तो मी होतो. मग बाई अगदी हळू म्हणाल्या, "अरेरे." पुन्हा शांतता.

मग ताई. हा आवाज तिनं माझ्या लहानपणी, मी आजारी असताना काढला असेल. "हो," ती म्हणाली.

"हो रे, त्यात विचारायचं काय," भट्टीवाला.

"हो. आनंदानं," बाई.

आणि सगळ्यात शेवटी माझा आवाज, समजुतीचा, जरा ओशाळलेला.

"माझी ना नाही. पण आधी बाबांना विचारायला हवं."

८

मी मान वर केली. बाबांची खुर्ची रिकामी होती. वर्तमानपत्र घडी घालून ठेवलेलं. डबीची दारं लागलेली.

काचेतून बाबा दिसत होते. बाकाच्या एका टोकाला, मधल्या जागेकडे वळून बसले होते. त्यांचे हात हवेत होते. उजवा हात उंच, बोटं पसरलेली, बोली वर चढवताना ते असा धरायचे. ओठ भराभर हलत होते. मग ते थांबले, मान कलती केली, ऐकलं, आणि मान मागे टाकून हसले. दात दिसेपर्यंत. मला त्यांचे दात किती दिवसांनी दिसले.

धावत जाऊन दार उघडायला हवं होतं. मी आतल्या माइकचा आवाज वाढवला.

"…तर तो घोडा लंगडा, आणि मालक माझ्या कानात सांगतोय, लंगडा म्हणू नका, नाचरा म्हणा," बाबा सांगत होते. बाजार भरून टाकणारा तोच आवाज, डबीच्या स्पंजाला न जुमानणारा. मग शांतता. बाबांचा श्वास. मग त्यांचं हसणं, आणि हसता हसता, "नाही नाही, विकला गेला ना. ऐक तर."

मी ऐकत राहिलो. घोडा विकला गेला. त्यानंतर आणखी एक शांतता झाली. बाबांचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी एकदा काचेतून माझ्याकडे बघितलं, परवानगी मागितल्यासारखं नव्हे, अंदाज घेतल्यासारखं. मग मधल्या जागेकडे वळून म्हणाले, "राहा की. घर मोठं आहे. आणि हा तर दिवसभर बाहेरच असतो."

दारं उघडून ते बाहेर आले, तेव्हा मी उभा होतो.

"तुझा मित्र इतका गमत्या आहे, हे कधी बोलला नाहीस," ते म्हणाले.

मी त्यांच्या कानाकडे बघितलं. कानात काही नव्हतं. मी नेहमीच्या सवयीनं मोठ्यानं, तोंड उघडून विचारलं, "बाबा, तुम्हाला ऐकू आलं?"

"ओरडतोस कशाला? हळू बोलतो तो, पण स्पष्ट बोलतो. तुम्ही सगळे तोंडातल्या तोंडात पुटपुटता."

मी दिवे बंद केले. कुलूप लावलं. काय करायला हवं होतं हे मला आजही कळत नाही, आणि ताईला विचारलं की तीही फक्त बाबा कसे आहेत ते विचारते. बाबा छान आहेत.

आम्ही घराकडे निघालो. ऊन उतरत होतं, दुकानांच्या पाट्यांवर शेवटचा उजेड होता, पोरं फुटपाथवर चेंडू आपटत होती. बाबा माझ्या शेजारून चालत नव्हते. आमच्यामध्ये एका माणसाची जागा सोडून चालत होते, आणि समोरून कुणी आलं की त्या जागेसकट बाजूला होत होते. ते बोलत होते. बाजार, बैल, एक पाळणा तीनदा विकला गेला त्याची हकिकत. चौकापाशी ते थांबले. दोन क्षण रस्त्याचा आवाज तेवढा होता.

आणि मी हसलो. पोटातून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, दुकानाच्या खांबाला धरून. बाबाही हसत होते. समोरून येणारी एक बाई आमच्याकडे बघून, कारण न कळताच, हसली.

"काय म्हणाला तो?" श्वास सापडल्यावर मी विचारलं.

"तू ऐकलंस की आत्ता," बाबा म्हणाले.

घरी पोचल्यावर किल्ली त्यांनीच मागून घेतली. दार उघडलं आणि मला आधी आत जाऊ दिलं. मी चपला काढून वळलो, तरी ते दाराशीच, एका हातानं दार धरून उभे. त्यांची नजर माझ्या शेजारून, खांद्याच्या जरा खालून, हळूहळू आत सरकली. मान सावकाश वळली.

"सांभाळून," ते म्हणाले, "उंबरा आहे."